नेतृत्वाचे अभ्यासक : जेम्स मॅकग्रेगर बर्न्स

गावात शाळेची इमारत उभी राहिली की ती कोणाच्या पुढारीपणामुळे झाली याची चर्चा होते. ज्यांनी श्रमदान केले, जागा सोडली, त्यांची नावे क्वचितच निघतात. अनुयायांना वगळून पुढाऱ्याचा विचार करता येत नाही, हे सूत्र ज्यांनी नेतृत्वाच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले, ते अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ म्हणजे जेम्स मॅकग्रेगर बर्न्स.

बर्न्स यांचा जन्म ३ ऑगस्ट १९१८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेलरोझ येथे झाला. १९३९ मध्ये विल्यम्स महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली. दुसऱ्या महायुद्धात ते पॅसिफिक आघाडीवर सैन्याचे इतिहासलेखक होते. १९४७ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळविल्यावर विल्यम्स महाविद्यालयातच त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले.

१९५८ साली हे प्राध्यापक स्वतःच निवडणुकीस उभे राहिले. प्रतिनिधिगृहाची ही जागा बराच काळ रिपब्लिकन पक्षाकडे होती. डेमोक्रॅटिक पक्षाचे बर्न्स पराभूत झाले. नेतृत्वावर लिहिणाऱ्या किती विद्वानांनी मतदाराचे दार असे प्रत्यक्ष ठोठावले असेल? पुढे ते पुन्हा ग्रंथलेखनाकडे वळले. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या चरित्राच्या दुसऱ्या खंडास १९७१ चे पुलित्झर पारितोषिक लाभले.

त्यांचा ‘लीडरशिप’ हा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी नेतृत्वाचे दोन प्रकार मांडले. एक देवघेवीचे : ‘तुम्ही मते द्या, मी नळ आणतो.’ यात गैर काही नाही, बहुतेक राजकारण असेच चालते. पण व्यवहार पुरा झाला की संबंधही संपतो. दुसरे परिवर्तनाचे. त्यात नेता लोकांच्या खऱ्या गरजा जाणतो, त्यांच्या आकांक्षा उंचावतो, आणि त्या ओघात स्वतःही उंचावतो. पाण्याचे उदाहरण पुढे नेले तर, नळ आणून देण्याऐवजी गावालाच पाण्याच्या नियोजनास बसविणारा सरपंच या दुसऱ्या वाटेवरचा म्हणावा लागेल. आधुनिक काळातील अशा नेतृत्वाचे उत्कृष्ट उदाहरण म्हणून बर्न्स यांनी महात्मा गांधींकडे बोट दाखविले. उलट, हिटलरला त्यांनी नेता मानलेच नाही. ज्याला अनुयायांच्या हेतूंची पर्वा नाही, तो केवळ सत्ता वापरणारा होय, असे त्यांचे म्हणणे होते.

शास्त्रीय व्याख्येत नीतीचा प्रश्न आणावा काय, असा आक्षेप यावर घेतला गेला. बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये हीच कल्पना व्यवस्थापनशास्त्रात नेली व प्रश्नावलीने तिचे मोजमाप केले. त्यांनी मात्र आरंभी नीतीची अट ठेवली नव्हती. प्रस्तुत लेखकास बर्न्स यांचीच बाजू पटते. अट काढली की दंगल पेटविणाराही नेता ठरतो.

२००३ मधील पुस्तकात बर्न्स यांनी जागतिक दारिद्र्याचा प्रश्न हाती घेतला. तेथेही गरिबांना काय हवे आहे हे आधी ऐकून घ्यावे, हाच त्यांचा आग्रह होता. १५ जुलै २०१४ रोजी विल्यम्सटाउन येथे, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.