चार सूत म्हणजे किती?

घराजवळ एखादे बांधकाम चालू असेल, तर तेथील मुकादमाचे बोलणे थोडा वेळ ऐका. ‘चार सुती सळई काढा’, ‘दोन ब्रास वाळू लागेल’, ‘भिंत नऊ इंची घ्या.’ मेट्रिक मापांचा कायदा आपल्या देशात १९५६ साली झाला. सिमेंटचे पोते ५० किलोग्रॅमचे येते, नकाशावर मिलिमीटर लिहिलेले असतात. बोलण्यात मात्र इंच आणि फूट टिकून आहेत. ते बोलण्यापुरतेच राहिले तर काही बिघडत नाही. पण तसे नेहमीच होत नाही.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून चार सूत म्हणजे अर्धा इंच, अर्थात १२.७ मिलिमीटर. बाजारात सळया मिळतात त्या ८, १०, १२, १६ मिलिमीटर अशा व्यासांच्या. यांतील १२ मिलिमीटरच्या सळईलाच मुकादम ‘चार सुती’ म्हणतो. फरक किती? अवघा ०.७ मिलिमीटर! आता वही घ्या आणि दोन्हींच्या छेदाचे क्षेत्रफळ काढा. अर्ध्या इंचाच्या सळईचे येते १२६.७ चौरस मिलिमीटर आणि १२ मिलिमीटरच्या सळईचे ११३.१. म्हणजे जवळजवळ ११ टक्के लोखंड कमी. व्यासाचा वर्ग होतो, त्याचा हा परिणाम.

काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या सुमारे एक दशांशच असते. दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईवर भार आला की तिचा खालचा भाग ताणला जातो. तेथील ताण सळया घेतात. जुन्या नकाशात अर्ध्या इंचाच्या १० सळया असतील, तर पोलाद त्याच जातीचे धरून १२ मिलिमीटरच्या किती लागतील? १२६७ भागिले ११३.१, म्हणजे ११.२, सळई तुकड्याने घालता येत नाही, म्हणून १२. नुसते नाव बदलून १० घातल्या, तर तुळई दुबळी राहील. (तीन सुतांचे उलट आहे. ९.५ ऐवजी १० मिलिमीटर मिळाल्याने १० टक्के लोखंड जास्तच पडते.)

विटेच्या बाबतीत मात्र वस्तूच बदलली. जुनी वीट चुन्या-सिमेंटच्या दर्जेसह ९ × ४½ × ३ इंच धरीत. भारतीय मानकातील नवी वीट १९ × ९ × ९ सेंटिमीटर. एक सेंटिमीटरची दर्ज धरली की २० × १० × १०. एक घनमीटर बांधकामास अशा ५०० विटा. हिशेब तोंडी होतो! पण भट्टीवरचे साचे कायद्याच्या वेगाने बदलत नाहीत. जुन्या मापाजवळची वीट आजही सर्रास मिळते.

काँक्रीटच्या नावाची गंमत पाहा. १९६४ च्या मानकात ‘एम १५०’ होते : १५ सेंटिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम दाब सोसणारा. १९७८ मध्ये दाब न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये मोजू लागले आणि त्याच्या जागी ‘एम १५’ आले. शून्य गेले, काँक्रीटची ताकद जवळजवळ तीच राहिली.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. एका पोत्यातील सिमेंट सुमारे ३५ लिटर भरते, म्हणून वाळू मोजण्याची पेटीही ३५ लिटरची करतात. एका ब्रासमध्ये अशा किती पेट्या वाळू होईल, ते काढा आणि मुकादमाला विचारून पडताळा.