अंगठ्याची साक्ष

शस्त्रक्रियेसाठीची भूल म्हणजे केवळ गाढ निद्रा, अशी सर्वसाधारण समजूत असली तरी, पोटाच्या वा छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णाला निजविण्याबरोबरच त्याचे स्नायू शिथिल करणारे निराळे औषध द्यावे लागते, त्याच्या श्वासोच्छ्वासाचा कारभार तेवढी मुदत यंत्राकडे सोपवावा लागतो, आणि काम आटोपताच त्या औषधाचा अंमल उतरवून तो पुनश्च त्याच्या स्वाधीन करावा लागतो. १९४२ साली माँट्रिऑल येथे ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी क्युरारे हे स्नायुशिथिलक भूलशास्त्रात आणले, तेव्हापासून ही सुपूर्दगी आम्हा भूलतज्ज्ञांच्या कामातील सर्वांत नाजूक बाब होऊन बसली आहे.

तीत कसूर राहिली म्हणजे काय होते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो होतो; परंतु पित्ताशयातील खड्यांनी मलाच टेबलावर निजविले, तेव्हा ते देहाने कळले. मला वेक्युरोनियम हे शिथिलक दिलेले होते. शेवटी रिवाजाप्रमाणे निओस्टिग्मिनचा उतारा दिला गेला, मी हात दाबून दाखविला आणि ट्यूब निघाली. पुढे रिकव्हरीत मी पूर्ण शुद्धीवर होतो, ‘सर, डोळे उघडा’ हे परिचारिकेचे शब्द स्पष्ट ऐकू येत होते. पण पापण्या जेमतेम किलकिल्या होत, साचलेली थुंकी गिळवेना, जीभ मागे पडे, आणि श्वास भरून घ्यावा तर तो अर्ध्यावर अडे. मास्कमधील ऑक्सिजनमुळे बोटावरच्या यंत्राचा आकडा उत्तम दिसत असल्याने ‘अजून गुंगीत आहेत’ असा शेरा पडला. अखेर माझ्या हातांची तुटक हालचाल पाहून सहकाऱ्याने खरा प्रकार ओळखला, मास्क घट्ट धरून श्वासाला हातभार लावला, सुगामाडेक्स हा दुसरा उतारा मागवून दिला, आणि काही मिनिटांतच मी पोटभर श्वास घेऊ लागलो.

या दोन उताऱ्यांची कार्यपद्धती मुळातच भिन्न आहे. १९३१ पासून ज्ञात असलेले निओस्टिग्मिन शिथिलकाला हातही लावीत नाही. मज्जातंतूच्या टोकाशी स्रवणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिनचे विघटन करणाऱ्या विकराला ते रोखते, त्यायोगे अ‍ॅसिटिलकोलिन साचते आणि स्नायूवरील आपली जागा परत मिळविते. मात्र विकर पुरते रोखले गेल्यावर मात्रा वाढवून काही लाभ नसल्यामुळे गाढ अंमलापुढे हे औषध हतबल ठरते. शिवाय नाडी मंदावते व लाळ सुटते, म्हणून ग्लायकोपायरोलेटची जोड द्यावी लागते. युरोपात २००८ साली संमत झालेले सुगामाडेक्स हा कड्याच्या आकाराचा शर्करारेणू. कोर्टाचा बेलीफ जप्तीचा माल उचलतो त्याप्रमाणे तो वेक्युरोनियम वा रोक्युरोनियम या शिथिलकांना रक्तातच ताब्यात घेऊन मूत्रावाटे बाहेर नेतो.

तेव्हा तरुण सहकाऱ्यांनी प्रथम मोजावे. मनगटाजवळ अल्नर मज्जातंतूला अर्ध्या सेकंदाच्या अंतराने चार विद्युत्स्पंद द्यावेत आणि अंगठ्याची चौथी हालचाल पहिलीच्या किमान ०.९ पट झाल्याचे यंत्रावर पाहावे. हे गुणोत्तर ०.४ च्या वर गेले की अंगठ्याचा उरलेला अशक्तपणा नुसत्या स्पर्शाने वा नजरेने उमगत नाही; हात दाबणे, पाच सेकंद डोके उचलणे या जुन्या खुणांवरही विसंबता येत नाही. निओस्टिग्मिन द्यायचे तर चारही हालचाली परतल्यावर, किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत, एकंदर ५ मिलिग्रॅमच्या आत द्यावे आणि निदान दहा मिनिटे धीर धरावा. सुगामाडेक्स किलोमागे मध्यम अंमलाला २ आणि गाढ अंमलाला ४ मिलिग्रॅम पुरते. रोक्युरोनियमची मोठी मात्रा देताच ती तातडीने उतरविण्याची वेळ आली, तर किलोमागे १६ मिलिग्रॅम लागते.

अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेने रोक्युरोनियम व वेक्युरोनियम यांच्या गाढ, मध्यम व उथळ अंमलासाठी सुगामाडेक्सला पसंती दिली असून, अत्यल्प अंमल उरला असता निओस्टिग्मिनही चालेल असे म्हटले आहे. परंतु आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅट्राक्युरियम या शिथिलकावर सुगामाडेक्सचा काडीमात्र उपयोग नाही. मूत्रपिंडे फार दुर्बल असतील तर सुगामाडेक्स टाळावे. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होते अथवा नाडी अकस्मात मंदावते, त्याची तजवीज हाताशी असावी. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला तर, पुढील सात दिवस अन्य बिनसंप्रेरकी साधनही वापरावे, हे घरी जाण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे. ही सूचना डिस्चार्जच्या कागदावर सहसा आढळत नाही.

निओस्टिग्मिन स्वस्त आणि सुगामाडेक्स कितीतरी महाग, हा विचार लहान रुग्णालयांनी अवश्य करावा. पण मोजमापाचे यंत्र एकदाच घ्यावे लागते आणि दोन्ही औषधांना ते सारखेच उपयोगी पडते, म्हणून खरेदीच्या यादीत त्याचे नाव आधी लिहावे, आणि अंगठ्याने ०.९ ची साक्ष दिल्यावाचून कोणत्याही रुग्णाची ट्यूब काढू नये, एवढीच माझी आग्रहाची विनंती आहे.