माझा आवडता खेळाडू : गाय मार्टिन



'माझा आवडता खेळाडू' हा निबंध आपण सगळ्यांनी कितीतरी वेळा तपासलाय. नववीच्या वह्यांचा गठ्ठा घेतला की अर्ध्याअधिक वह्यांत धोनी आणि विराट, काहींत सचिन, एखादीत सायना नाहीतर सिंधू. पाचव्या-सहाव्या वहीनंतर लाल पेन आपोआप चालायला लागतं, खोटं कशाला बोला. गेल्या वर्षी मात्र एका वहीत पहिलंच वाक्य होतं : 'माझा आवडता खेळाडू गाय मार्टिन आहे.' मी 'गाय' या शब्दाला लाल गोल केला, समासात प्रश्नचिन्ह टाकलं, दहापैकी तीन गुण दिले आणि पुढची वही ओढली.

मुलगा अभ्यासात मागे. शाळा सुटली की मामाच्या गॅरेजवर जातो, त्यामुळे नखांत कायम काळं ग्रीस. निबंधही पानभरच. 'तो ट्रक दुरुस्त करतो. तो टीव्हीवर येतो. त्याने ट्रॅक्टर पळवला.' मला वाटलं, काहीतरी मनानेच रचलंय. वह्या वाटल्या तेव्हा तो टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, गाय म्हणजे आपली गाय नाही. त्याचं नावच आहे ते." मागच्या बाकावरून हंबरण्याचा आवाज आला. वर्ग खो-खो हसला, आणि सांगायला लाज वाटते, मीही हसले.

रात्री मोबाईलवर शोधलं. मुलाचं प्रत्येक वाक्य खरं निघालं.

गाय मार्टिन हा इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा. जन्म 1981 चा. वडील ट्रक मेकॅनिक आणि हौशी मोटारसायकल रेसर. मुलगाही ट्रकचाच मेकॅनिक झाला. 2004 पासून तो 'आयल ऑफ मॅन टीटी' या शर्यतीत उतरू लागला. ही शर्यत ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रातल्या एका लहान बेटावर होते, 1907 पासून. तिला वेगळा ट्रॅक नाही. बेटावरचे रोजचे रस्ते बंद करून त्यावरच गाड्या पळवतात. एक फेरी साधारण 60 किलोमीटरची, दोनशेहून जास्त वळणं, कडेला दगडी भिंती, विजेचे खांब, लोकांच्या घरांची फाटकं. त्या रस्त्यावर मार्टिनने 2015 मध्ये एक फेरी ताशी सरासरी 213 किलोमीटरने पूर्ण केली. सरासरी, बरं का! म्हणजे वळणं, चढउतार सगळं धरून. आजवर या मार्गावर अडीचशेहून अधिक स्पर्धकांचा जीव गेलाय. हा आकडा मी वर्गातही लपवला नाही, इथेही लपवत नाही.

आणि या शर्यतीत तो कितीदा जिंकला? एकदाही नाही. पहिल्या तिघांत तो 17 वेळा आला, पहिला कधीच नाही. 2010 मध्ये तिसऱ्या फेरीत त्याची गाडी घसरली, नुकतीच भरलेली पेट्रोलची टाकी पेटली आणि रस्त्यावर आगीचा लोळ उठला. त्यात त्याचे मणके आणि बरगड्या मोडल्या. पुढच्याच वर्षी त्या शर्यतीवरचा माहितीपट आला आणि विस्कटलेल्या केसांचा, लांब कल्ल्यांचा, सतत चहा पिणारा हा माणूस घराघरांत पोहोचला. मग टीव्हीवाले त्याच्या मागे लागले. त्याचं काय झालं? काही नाही. चित्रीकरण संपलं की हा परत ट्रकखाली! प्रसिद्ध झाल्यावरही त्याने ग्रिम्सबीच्या गॅरेजमधली नोकरी वर्षानुवर्षं सोडली नाही. कामाला जायचा तोही बऱ्याचदा सायकलवर.

आमच्या त्या विद्यार्थ्याला नेमकं हेच आवडलं होतं. मी विचारलं, "तुला त्याचा वेग आवडतो ना?" तर म्हणाला, "वेग तर सगळ्यांचाच असतो मॅडम. हा स्वतः पाना धरतो."

या वाक्यावर मी दोन दिवस विचार करत होते. मग विज्ञानाच्या सरांना गाठलं आणि आम्ही दोघांनी मिळून तीन तासिका या माणसावर घेतल्या. पहिल्या दिवशी पुन्हा हंबरणं झालं. ते होऊ दिलं, मग आपोआप थांबलं. (मार्टिनने रॉयल एनफिल्डवरून भारतात सुमारे हजार मैलांचा प्रवास केला आणि शेवटी गोव्याच्या रायडर मेनियात शर्यतीला उतरला. त्या कार्यक्रमाचं नाव 'अवर गाय इन इंडिया'. हे फळ्यावर लिहिल्यावर काय झालं असेल, तुम्हीच ठरवा.)

ब्रिटनच्या चॅनल फोरवरचा त्याचा 'स्पीड' हा कार्यक्रम 2013 च्या शेवटी सुरू झाला. त्यात इंजिनिअर आणि विद्यापीठातले संशोधक यांना सोबत घेऊन तो वेगवेगळ्या आव्हानांना हात घालतो. वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर, वाळूवर, त्याने साधी पायडलची सायकल एका मोठ्या ट्रकच्या मागे ताशी 181 किलोमीटरपर्यंत नेली. मुलांना वाटलं, थाप आहे. सरांनी फळ्यावर गणित मांडलं. सायकलला खरा अडथळा असतो हवेचा. वेग दुप्पट केला तर हवा कापायला लागणारी ताकद आठपट होते. आपण शाळेत येतो ताशी पंधराने. 180 म्हणजे त्याच्या बारापट. बाराचा घन किती? पोरांनी गुणाकार केला : 1728. एवढी ताकद कोणाच्याच पायांत नसते. मग जमलं कसं? ट्रकच्या मागे जी पोकळी तयार होते तिच्यातली हवा ट्रकबरोबरच पुढे जात असते, म्हणून तिथे सायकलवाल्याला हवा कापावीच लागत नाही. त्या आडोशातून बाहेर पडला तर मात्र समोरून हवेची भिंतच आदळणार.

इथे मी मुद्दाम थांबले. कारण आमच्या रस्त्यावर ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीला एका हाताने धरून सायकली पळवणारी मुलं मी रोज बघते, त्यातली निम्मी याच वर्गातली. विचारलं, "त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय?" उत्तरं छान आली. तिथे दुसरी वाहनं नव्हती. ट्रकच्या ड्रायव्हरला मागे कोण आहे ते माहीत होतं. खड्डे नव्हते. सराव केला होता. एक मुलगी म्हणाली, "आणि तिथे ट्रक त्याच्यासाठी चालला होता. इथे ट्रॉली कारखान्याला चाललेली असते." मी नुसतं 'धोका आहे, करू नका' म्हणून बारा वर्षं सांगतेय, पण त्यातून कधी इतकं निघालं नव्हतं.

दुसरा प्रसंग 'मौत का कुआ'चा. जत्रेत तो सगळ्यांनीच पाहिलेला. मार्टिनने 28 मार्च 2016 रोजी, टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना, खास उभारलेल्या भल्यामोठ्या गोल भिंतीवर ताशी 125 किलोमीटरहून जास्त वेगाने मोटारसायकल फिरवली. गाडी खाली का पडत नाही? वर्गाचं उत्तर ठरलेलं : 'बाहेर फेकणारं बळ तिला चिकटवून ठेवतं.' सरांनी दाखवलं की भिंत चाकाला आत, मध्याकडे ढकलत असते. तेच अभिकेंद्री बल, दहावीच्या पहिल्या धड्यात येणारं. भिंत आणि टायर एकमेकांवर जितके जास्त दाबले जातील तितकं घर्षण जास्त मिळू शकतं, आणि ते घर्षण गाडीचं वजन पेलतं. वेग कमी पडला की दाब कमी, घर्षण अपुरं, गाडी खाली. मग वेग वाढवतच का नेत नाहीत? तर वेग दुप्पट केला की लागणारं बळ चौपट होतं, रक्त डोक्याकडून पायांकडे जातं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मैदानावर अर्धी बादली पाणी गरगर फिरवून पाहिलं. दोघेजण भिजले, तेही शिकण्यातलंच.

पण वर्ग खरा जागा झाला तो ट्रॅक्टरने. आमच्याकडे प्रत्येकाच्या घरी नाहीतर शेजारी ट्रॅक्टर आहेच. 2019 मध्ये जेसीबी कंपनीच्या इंजिनिअरांनी एक ट्रॅक्टर हलका केला, त्याला हजार अश्वशक्तीचं इंजिन बसवलं आणि चालवायला मार्टिनला बसवलं. जूनमध्ये ताशी 166 किलोमीटर झाले. तेवढ्यावर न थांबता पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं, आणि त्याच वर्षी यॉर्कशायरमधल्या एल्व्हिंग्टनच्या धावपट्टीवर सरासरी 217 ची नोंद झाली. एका क्षणी काटा 247 वर गेला होता. मग विक्रम 247 चा का नाही? कारण जायचं आणि उलट दिशेने परत यायचं, दोन्हींची सरासरी धरायची. वाऱ्याची फुकटची मदत मोजायची नाही. हा नियम मुलांना फार पटला. नेहमी शेवटून दुसरा येणारा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सहामाही आणि वार्षिक, दोन्ही धरायचे." हसू आलं, पण खरंच आहे की.

आता पालकांसाठी थोडं, आणि स्पष्ट. ही तासिका चालू असतानाच तो आमचा विद्यार्थी एका सकाळी मामाच्या मोटारसायकलवर शाळेत आला. वय पंधरा. डोक्यावर काही नाही. मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, "मॅडम, चालवतो चांगली. गॅरेजवर सगळ्या गाड्यांची ट्रायल तोच घेतो." आवाजात कौतुक होतं. मीही आई आहे, ते कौतुक मला कळतं. पण कायदा ऐका : गिअरच्या गाडीचं लायसन्स अठराव्या वर्षी. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि मुलाला वयाची पंचविशी उलटेपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे शेवटचं ऐकून वडील गप्प झाले. गॅरेजवाल्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही म्हणजे काय, ते त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं.

मुलाशी मी वेगळं बोलले. म्हटलं, तुझा मार्टिन पायापर्यंत चामड्याचा सूट घालतो, हेल्मेट घालतो, रस्ता बंद असतो, हेलिकॉप्टर आणि डॉक्टर तयार असतात. तरी त्याचे मणके मोडले, 2010 मध्ये आणि 2015 मध्ये पुन्हा. आणि 2017 मध्ये, टीटीला आणखी एकदा पडल्यावर, त्याने ही रस्त्यावरची रेसिंग सोडली. त्यावर तो पटकन म्हणाला, "पण ट्रक नाही सोडले." मी म्हटलं, बरोबर, तेच लिही.

हा विषय घ्यावा की नाही याबद्दल शिक्षकांच्या खोलीत मतभेद झाले, तेही सांगते. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, अशा माणसाचं कौतुक म्हणजे मुलांच्या हातात काडेपेटी देणं. मला तसं वाटत नाही. मुलं वेगाचे व्हिडिओ बघतातच, आपल्याला न विचारता. त्यांत गाडी दिसते, गाडीखाली घालवलेले दिवस दिसत नाहीत. ते दिवस दाखवायला कोणीतरी हवं. पण त्यांची भीती खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. म्हणून वर्गात आधी अपघात सांगा, विक्रम नंतर. आम्ही उलट केलं होतं, ते चुकलं.

दुसरी चूक माझी एकटीची. ग्रीस लागलेल्या हातांची वही मी वर्षभर जरा दूर धरून तपासत होते. दहावीनंतर आयटीआयला मेकॅनिक डिझेल, मेकॅनिक मोटर व्हेईकल असे ट्रेड आहेत. पण 'आयटीआय' हा शब्द आपण वर्गात बहुतेक वेळा धमकी म्हणूनच वापरतो. 'अभ्यास कर, नाहीतर जाशील आयटीआयला.' मी तरी वापरलाय. त्या मुलाने तो किती वेळा ऐकला असेल, मोजलं नाही.

निबंध त्याने पुन्हा लिहिला. शुद्धलेखन तसंच आहे, मी फक्त तेवढं सुधारून दोन-तीन वाक्यं देते : 'टीव्हीवर तो पहिला येतो, पण टीटीत कधी पहिला आला नाही. तरी लोक त्याला ओळखतात. तो हरला तर लपत नाही, चहा पितो. मला त्याच्यासारखी गाडी चालवायची नाही, अजून अठरा पूर्ण नाहीत. मला त्याच्यासारखी गाडी खोलता यायला पाहिजे आणि परत सगळे नट बसले पाहिजेत, एकही उरला नाही पाहिजे.'

आठ गुण दिले. दोन शुद्धलेखनाचे कापले, ते कापायलाच हवे होते.

सध्या तो सायकलवर येतो. गेल्या मंगळवारी शाळा सुटल्यावर माझ्या स्कूटीपाशी उभा होता. म्हणाला, "मॅडम, मागचा ब्रेक सैल आहे. किती दिवस झाले? अशी चालवायची नाही." पाना दप्तरातच होता. पाच मिनिटांत केबल ओढून दिली, चाक फिरवून पाहिलं आणि मला दोनदा ब्रेक दाबायला लावला.