जनगणनेतील कुटुंब आणि कॉटन ग्रीनची खोली

हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीनचा परिसर एके काळी कापसाच्या गाठींच्या गोदामांनी गजबजलेला होता. गिरण्या व गोदीही जवळच. येथे कामासाठी कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष एका खोलीत पाळीपाळीने झोपत व खाणावळीत जेवत. सामान्यतः एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरातील अन्न घेणाऱ्या व्यक्तींचा समूह म्हणजे कुटुंब, अशी जनगणनेची व्याख्या आहे. मग या गाळेकऱ्याचे कुटुंब कोणते? पैसे येथून जात, पण चूल पेटे ती गावी. प्रगणक त्यास मुंबईतच मोजतो. आणि ते योग्यच, अन्यथा एकच माणूस दोनदा मोजला जाईल.

या विभागणीचा ठसा आजही आकड्यांत दिसतो. २०११ साली दर हजार पुरुषांमागे मुंबई शहर जिल्ह्यात ८३२ स्त्रिया होत्या, तर रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२. हे दोन आकडे शेजारी ठेवूनच वाचावयास हवेत.

म्हणूनच घराच्या नोंदीत कुटुंबप्रमुख स्त्री आढळल्यास पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी तेवढ्यावर थांबू नये. ती विधवा आहे, की तिचा पती परगावी कमावतो? दोन्ही घरांची गरज निराळी. दुसऱ्या घरास आधार असतो, पण तो दूरच्या पगारावर अवलंबून. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले आणि त्याची झळ गावोगावच्या अशा चुलींना लागली.