अनुदानाचा वर्ग बदलताना : दिव्यांग एकल पालकांचा प्रश्न

निराधार व्यक्तींना दरमहा निश्चित रक्कम देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रासलेल्या व्यक्ती, अनाथ मुले, देवदासी, पस्तिशी ओलांडलेल्या अविवाहित स्त्रिया असे अनेक वर्ग या एकाच योजनेत येतात. अर्जदाराची नोंद मात्र यांपैकी एकाच वर्गात होते. ज्या स्त्रीला पती नाही, जिच्या पदरी मुले आहेत आणि जी स्वतः दिव्यांगही आहे, तिची नोंद कोणत्या वर्गात व्हावी, हा प्रश्न पूर्वी फारसा कोणी विचारीत नसे. विचारण्याचे कारणही नव्हते, कारण २०२३ मध्ये अनुदान १,५०० रुपये झाले तेव्हा ते विधवेला व दिव्यांगाला सारखेच होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी व श्रावणबाळ या दोन्ही योजनांतील दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये केले आणि ऑक्टोबरपासून ते लागू झाले. त्यामुळे या प्रश्नाला एकदम मोल आले. दरमहा एक हजार म्हणजे वर्षाला बारा हजार रुपये. माण, खटाव, जत किंवा आटपाडीच्या दुष्काळी गावात ही रक्कम म्हणजे दोन मुलांच्या वह्या-कपड्यांचा आणि आईच्या औषधांचा वर्षाचा खर्च होय. परंतु कागदावर जी केवळ ‘विधवा’ आहे आणि जिचे दिव्यांगत्व नोंदीतच नाही, तिच्यापर्यंत ही वाढ आपोआप कशी पोहोचणार?

एक उदाहरण घेऊ. समजा, माण तालुक्यातील एका स्त्रीचा पाय लहानपणी पोलिओने अधू झाला. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिचा पती वारला. त्या वेळी पतीच्या मृत्यूचा दाखला तयार होता. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात जावे लागले असते. हाती होता तो कागद जोडून अर्ज झाला आणि ‘विधवा’ या वर्गात मंजूर झाला. यात कोणाची चूक म्हणता येणार नाही. जवळचा कागद जोडणे हे माणसाचे स्वाभाविक वागणे आहे. पण आज तिचा वर्ग बदलणे आवश्यक आहे, आणि ते तिला कोणीतरी सांगितले पाहिजे.

वर्ग बदलल्याने केवळ रक्कम वाढते असे नाही. संजय गांधी योजनेत सर्वसाधारण अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, तर दिव्यांगांसाठी ती ५०,००० रुपये आहे. २०२५-२६ या वर्षी रोजगार हमीच्या कामाचा राज्यातील दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे जी विधवा वर्षात ६८ दिवस कामावर गेली, तिने अडुसष्टाव्या दिवशी २१,००० ची रेषा ओलांडली. तिने शंभर दिवस काम केले तर मजुरी ३१,२०० रुपये होते. विधवा म्हणून ती अपात्र ठरते, दिव्यांग म्हणून पात्र राहते. स्त्री तीच, मजुरी तीच. म्हणून ग्रामपंचायत सदस्याने किंवा शिक्षकाने अशा घरी प्रथम विचारावयाची गोष्ट ही, की वर्ग कोणता लागला आहे.

वर्गबदलाचा पाया म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत होऊन एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात हे प्रकार सातच होते. त्यामुळे पूर्वी ‘यात बसत नाही’ म्हणून परत पाठविलेली व्यक्ती आज बसू शकते. जुने हस्तलिखित प्रमाणपत्र असेल तर वैश्विक ओळखपत्रासाठी ऑनलाइन नोंदणी करून तपासणीस जावे लागते. काही प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीचीच असतात. मुदत संपली की अनुदानही अडकते. तेव्हा ती तारीख लाभार्थ्याने आणि ग्रामपंचायतीनेही लिहून ठेवावी. जत तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत आणखी एक अडचण येते. तेथे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. शाळेच्या दाखल्यावरील नाव एका वळणाचे, आधारवरील दुसऱ्या वळणाचे. एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत येतो आणि सांगलीची दुसरी खेप पडते. चालता न येणाऱ्या स्त्रीला ती किती महाग पडते, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरा बदल मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेशी संबंधित आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या योजनेत २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांना १,५०० रुपये मिळतात; मात्र शासनाच्या अन्य आर्थिक योजनेतून १,५०० किंवा त्याहून अधिक रक्कम घेणारी स्त्री त्यात पात्र नाही. अनेक दिव्यांग एकल मातांनी सोपा अर्ज म्हणून हीच योजना घेतली. त्यांना आता २,५०० रुपयांच्या अनुदानाकडे यावयाचे असेल, तर क्रम महत्त्वाचा. आधी जुना लाभ सोडला आणि नवा मंजूर व्हावयास काही महिने लागले, तर मधल्या काळात घरात काहीच येत नाही. जुना न सोडता दोन्ही घेतले, तर दुहेरी लाभाचा ठपका येतो. सबब तहसील कार्यालयातील अर्जासोबत चालू लाभाची माहिती न लपविता द्यावी, मंजुरीच्या महिन्यापासून तो सोडण्याची लेखी तयारी दाखवावी आणि मंजुरीचे पत्र हाती येताच महिला व बालविकास विभागाच्या तालुका कार्यालयास कळवून पोच घ्यावी. पोचेचा तो कागद पुढे फार उपयोगी पडतो.

मधला रिकामा काळ हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून सहा जुने लाभ एकत्र करून एक नवा लाभ आणला गेला. त्यात पहिली रक्कम मिळावयास साधारण पाच आठवडे लागतात आणि तोपर्यंतची उचल कर्जाऊ असते. श्रीमंत देशातही एकट्या दिव्यांग पालकाला या पाच आठवड्यांची धास्ती वाटते. आपल्याकडे उचलीचीही सोय नाही. असतो तो गावचा दुकानदार आणि माहेरचा भाऊ.

मुलांचा विचार आईच्या अनुदानाहून स्वतंत्रपणे करावयास हवा, आणि येथेच पुष्कळ घरे लाभाला मुकतात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकल पालकांच्या अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०२३ पासून प्रत्येकी दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्याचा आदेश बालकल्याण समिती देते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो, तहसीलदारांकडे नव्हे. कार्यालय वेगळे असल्यामुळे एका खिडकीवर दुसरीची माहिती मिळत नाही. वर्गात कोणत्या मुलाचे वडील नाहीत आणि कोणाच्या आईला उठता येत नाही, हे शिक्षकाला तलाठ्याच्या आधी ठाऊक असते. वडील एकटे असतील तर प्रश्न अधिक नाजूक होतो. योजनेत विधवेप्रमाणे विधुर असा वेगळा वर्ग नाही, लाडकी बहीण योजना त्याच्यासाठी नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि मुलांचे बालसंगोपन हेच त्याचे दोन आधार.

परित्यक्तेची अडचण निराळी. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो. टाकून दिलेल्या स्त्रीकडे कोणताच कागद नसतो. सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या स्वातंत्र्यसैनिक इंदुताई पाटणकर यांच्या पुढाकाराने स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने १९८० च्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न वेशीवर आणला, तेव्हा स्वतंत्र शिधापत्रिका ही मागणी त्यात होती. ती आजही तितकीच मूलभूत आहे. सासरच्या शिधापत्रिकेवर नाव असेपर्यंत सासरचे उत्पन्न तिचे मानले जाण्याचा धोका राहतो. जतचे सासर सोडून दहिवडीच्या माहेरी आलेल्या स्त्रीने नाव कमी करून घेणे, नवी शिधापत्रिका काढणे आणि अनुदानाचे प्रकरण नव्या तालुक्यात आणणे, हे या क्रमाने करावे. दिव्यांग वा विधवा कुटुंबप्रमुख असलेली निराधार कुटुंबे अंत्योदय योजनेच्या निकषांत बसतात. त्या शिधापत्रिकेवर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते.

पैसे आता आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यावर थेट जमा होतात. ज्या बँकेत आधार शेवटी जोडला गेला तेथे रक्कम जाते. जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या जुन्या पासबुकात नोंद नाही म्हणून अनुदान बंद पडले असे समजणाऱ्या स्त्रीची रक्कम पुष्कळदा दुसऱ्याच, कधीतरी उघडलेल्या खात्यात साचलेली आढळते.

शेवटचा बदल वयाचा. पासष्टाव्या वर्षी लाभार्थी संजय गांधी योजनेतून श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेकडे जातो. दिव्यांगांसाठी तेथेही २,५०० रुपये आहेत. परंतु त्या योजनेची उत्पन्नमर्यादा २१,००० रुपयांची आहे. तोवर मुलगा किर्लोस्करवाडीला किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेला असतो, कधी वेगळा राहत असतो, कधी नसतो. तो वेगळा राहत असल्यास शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला पासष्ट पूर्ण होण्याआधीच वेगळे करून घ्यावेत. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात जाण्याच्या वाहनाचा खर्च त्यातून भागविण्याचा विचार ग्रामसभेत मांडता येईल. निदान दिव्यांगांच्या यादीत ‘अनुदानाचा वर्ग’ आणि ‘प्रमाणपत्राची मुदत’ असे दोन रकाने वाढविण्यास तर कोणताच खर्च येत नाही.