अंगावर काढलेली दुखणी

अंगावरून पांढरे जाणे, पाळीतील अतिरक्तस्राव, ओटीपोटातील वेदना ही दुखणी 'बाईच्या जातीला असायचीच' असे मानून रोवणीच्या चिखलातही अंगावर काढली जातात. हा समज किती घातक, हे गोंदियालगतच्या गडचिरोली जिल्ह्यातील अभ्यासाने १९८९ साली दाखवून दिले. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या.

अतिरक्तस्रावाने रक्तक्षय जडतो, उपचाराविना राहिलेल्या जंतुसंसर्गाने वंध्यत्व येऊ शकते, तर पाळी कायमची थांबल्यानंतरचा रक्तस्राव हे कर्करोगाचेही लक्षण असू शकते. तिरोडा तालुक्यातील ग्रामपंचायतींनी ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत हा विषय आवर्जून घ्यावा. वेळीच केलेली तपासणी ही लाजेची बाब नव्हे.