कौलारू छपराची निगा

घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. बांधण्याची यातायात ज्याने केली त्यालाच ती कळते, असा तिचा भावार्थ. परंतु बांधलेले घर पुढच्या तीन-चार पिढ्यांना राखावे लागते, आणि त्या कामाबद्दल आपल्या म्हणी फारशा बोलत नाहीत. न्यासाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत सभासदांच्या उपयोगी पडेल असे काही लिहावे, म्हणून आम्ही हा विषय निवडला आहे. छत्रीबाग, मल्हारगंज, जुनी इंदूर अशा जुन्या वस्त्यांत कौलारू घरे अद्याप उभी आहेत. पण त्यांची संख्या घटत चालली आहे. ज्यांच्याकडे असे वडिलोपार्जित घर आहे, त्यांच्या घरी पावसाळा तोंडावर आला की एकच वाद निघतो : कौले ठेवायची, की काढून टाकून वर पत्रे घालायचे?

या वादाचा निकाल भावनेच्या भरात लावू नये आणि घाईनेही लावू नये. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कौलारू छप्पर कौलांमुळे क्वचितच निकामी होते. ते निकामी होते खालच्या लाकडामुळे, खिळ्यांमुळे आणि सांध्यांमुळे. म्हणून जेथे दुखणे आहे तेथेच औषध द्यावे. सबंध छप्पर उतरवण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा.

१. थोडा पूर्वेतिहास

इंदुरात कौलांच्या दोन जाती दिसतात. पहिली देशी नळीची कौले. इकडे त्यांना कवेलू म्हणतात. कुंभार चाकावर निमुळती नळी ओढतो, ओली असतानाच तिला दोन्ही बाजूंनी चीर देतो, आणि मग तिची दोन अर्धी कौले होतात. एक ओळ उताणी व तिच्या कडांवर दुसरी पालथी, अशी ती बसवतात. ही कौले केवळ स्वतःच्या वजनावर टिकून असतात. म्हणून माकडे, मांजरे आणि संक्रांतीला पतंग काढण्यासाठी वर चढणारी मुले यांच्या पायांनी ती सरकतात. दरवर्षी ती परतावी लागतात ती याचमुळे.

दुसरी जात कारखान्यात साच्यात दाबून केलेल्या मंगलोरी कौलांची. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगलोरास या कौलांचा पहिला कारखाना काढला. पुढे तसे कारखाने पुष्कळ निघाले आणि जेथे रेल्वे पोहोचली तेथे ही कौले जाऊ लागली. इंदूरची रेल्वे होळकर संस्थानाच्या पैशाने झाली. महाराजा तुकोजीराव दुसरे यांनी १८७० साली त्यासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. एखाद्या कौलाच्या पाठीवर १८६५ असा आकडा आढळला तर ते कौल त्याच सालचे, असे समजू नये. तो कारखान्याच्या स्थापनेचा आकडा आहे.

घर दुरुस्त ठेवणे हे केवळ घरधन्याचे खाजगी काम नव्हे, ही गोष्ट इंदुराला शंभर वर्षांपूर्वीच एकाने दाखवून दिली होती. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी इंदूर दरबारासाठी केलेला अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. प्लेगाचे ते दिवस. गेडीस यांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढवली आणि आधीच जाहीर केले की, ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे अधिकांत अधिक झाडून, रंगवून, दुरुस्त केलेली असतील त्या रस्त्यांनी जाईल. हुकमाने जे होत नाही ते अशा चढाओढीने होते. जुनी वस्ती पाडून नवी उभारण्यापेक्षा आवश्यक तेवढीच काटछाट करून बाकीची सांभाळावी, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. छपराच्या बाबतीत आम्ही तेच सूत्र धरतो.

२. छपराची अंगे व त्यांवरचा भार

सगळ्यांत वर आढे. त्यापासून दोन्ही बाजूंस उतरणारे वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपा. आणि रिपांवर कौले. पाखे जेथे संपते ती वळचण. घराला काटकोनात दुसरी सोपी जोडलेली असेल तर दोन पाखे खोलगट कोनात मिळतात आणि तेथे पत्र्याची पन्हळ घालावी लागते. गळतीचे मूळ या जागी सापडण्याचा संभव फार असतो.

मंगलोरी कौलाच्या छपराला साधारण तीस अंशांचा उतार असावा. आडव्या दहा फुटांत पावणेसहा फूट चढ, हा त्याचा सोपा हिशेब. उतार कमी असला तर वाऱ्याबरोबर येणारे पाणी कौलांच्या सांध्यांतून उलटे वर चढते.

आता वजन पाहू. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे मंगलोरी कौले लागतात. एक कौल पावणेतीन किलोचे धरले तर हा भार चारशे किलोंच्या वर गेला. चांगले भाजलेले कौलही आपल्या वजनाच्या पंधरा-अठरा टक्के पाणी पिऊ शकते. म्हणजे झडीच्या दिवसांत त्याच जागेवर आणखी साठ ते पंचाहत्तर किलो भार चढतो. हिवाळ्यात सरळ दिसणारा वासा श्रावणात का वाकतो, त्याचे एक कारण येथे आहे. दुसरे कारण जमिनीत आहे. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्याबरोबर जुन्या भिंती किंचित हलतात, भिंतींबरोबर वासे हलतात, आणि कौलांचे सांधे उघडतात. नळीच्या कौलांना किंवा मंगलोरी कौलांना ही हालचाल सोसते, कारण ती सुटी असतात. सिमेंटने जखडलेल्या छपराला ती सोसत नाही.

३. पाटीच्या दगडाचा धडा

लहानपणी आपण ज्या पाटीवर अक्षरे गिरवली, तिच्या दगडाची छपरे जगात अनेक ठिकाणी आहेत. ब्रिटनमधील वेल्स प्रांत या दगडासाठी प्रसिद्ध; आपल्या देशात हिमाचलातील कांगडा जिल्ह्यात अशी छपरे पाहावयास मिळतात. उत्तम पाटीचा दगड शंभर वर्षांहून अधिक टिकतो. तरीही ती छपरे गळतात. का? पाटी ज्या खिळ्यांवर टांगलेली असते ते खिळे आधी गंजून तुटतात आणि धडधाकट पाट्या घसरू लागतात. पाहणाऱ्याला वाटते, छप्पर म्हातारे झाले. वस्तुतः खिळे म्हातारे झालेले असतात. जाणता कारागीर तेथे त्याच पाट्या उतरवतो, वाजवून पाहतो, आणि चांगल्या निघतील त्या नव्या तांब्याच्या खिळ्यांनी पुन्हा बसवतो. आमच्या कौलांनाही हाच न्याय लावावा.

पाटीच्या दगडावरून दुसराही एक धडा घेण्यासारखा आहे, आणि तो दुःखाचा आहे. आपल्याच माळव्यात मंदसौर येथे पाटीवरच्या लेखणीचा धंदा चाले. दगड कापताना उडणारी बारीक धूळ छातीत जाऊन तेथील पुष्कळ कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग जडला. कौल, वीट वा दगड यंत्राने कापताना तीच धूळ उडते. म्हणून कापण्याचे काम पाणी मारून करावे आणि कारागिराला नाकातोंडाचे योग्य आच्छादन घरधन्याने द्यावे.

४. गळती शोधण्याची रीत

पाणी जेथे टपकते त्याच्या बरोबर वर भोक असेलच असे नाही. फुटक्या कौलातून आत आलेले पाणी रिपेवरून वाशावर येते, वाशावरून चार-पाच हात खाली वाहते, आणि गाठ किंवा खाच लागली की तेथे थेंब सोडते. म्हणून छपरावर चढण्यापूर्वी माळ्यावर चढावे. भर दुपारी दिवे मालवून वर पाहिले असता जेथे उन्हाचे कवडसे दिसतील तेथे खडूने खूण करावी. पावसात ओल्या रेषेचा माग खालून वर घ्यावा आणि तिच्या आरंभाशी खूण करावी. पाऊस गेल्यावर या खुणाच कारागिराला रस्ता दाखवतात.

मग लाकूड तपासावे. भिंतीत शिरलेले वाशांचे शेवट आणि वळचणीजवळचे भाग आधी कुजतात. तेथे टोचणीने दाबून पाहावे. अणकुची सहज आत शिरली तर लाकूड गेले. अडली तर वरून काळे दिसत असले तरी ते शाबूत आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, असे समजून तिचा उपाय प्रथम करावा.

शेवटी कौले. सुटे कौल हातात धरून बोटाच्या पेराने वाजवावे. खणखणीत वाजले तर ते पक्के. बद्द वाजले तर भेगाळलेले किंवा कच्चे. नवी कौले घेताना एक कौल कोरडे तोलावे, दिवसभर पाण्यात बुडवून पुन्हा तोलावे. पाचव्या हिश्शाहून अधिक पाणी प्याले तर तो माल परत करावा.

५. दुरुस्ती

कौले उतरवताना प्रत्येक पाख्याची वेगळी रास लावावी, कारण निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. नवी व जुनी कौले एकाच पाख्यात मिसळू नयेत. चांगली जुनी कौले दर्शनी पाख्यावर आणि नवी मागच्या पाख्यावर, अशी वाटणी केली तर काम पक्के होते आणि घराचे रूपही टिकते.

वाशाचा शेवटचा हातभर भाग कुजला असेल तर सबंध वासा बदलण्याचे कारण नाही. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा अर्ध्या खाचेने जोडावा आणि बोल्टांनी आवळावा. जुना सागवान आज तशा प्रतीचा मिळणे कठीण; जो आहे तो वाया घालवू नये. रिपांमधील अंतर कौल हातात घेऊन ठरवावे. केवळ अंदाजाने रिपा ठोकल्या तर कौलाचे खुंट पकड घेत नाहीत.

पन्हळीचे काम स्वस्तात उरकू नये. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३०० लिटर पाणी होते. इंदुरास वर्षाकाठी साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. हे सारे पाणी वळचणी आणि पन्हळींतून जायचे आहे. पन्हळीचा पत्रा जाड घ्यावा, त्याच्या कडा दोन्ही पाख्यांच्या कौलांखाली चांगल्या वीतभर जाऊ द्याव्या, आणि तो मध्येच जोडावा लागला तर वरचा तुकडा खालच्यावर चढवावा. आढ्यावरची कौले चुन्यात बसवावी. चुना थोडा लवतो, आणि पुढे कौल काढायचे झाल्यास ते न फुटता सुटते.

६. काय करू नये

गळतीवर डांबर फासू नये आणि कौलांवर सिमेंटचा लेप देऊ नये. दोन-चार पावसाळे बरे जातात. मग लेपाला चिरा पडतात, आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही आणि लाकूड झाकल्या जागी कुजते. शिवाय त्या कौलांपैकी एकही पुन्हा वापरता येत नाही. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे कोठे असतील तर ते करवतीने कापू नयेत किंवा फोडू नयेत. त्यांचे तंतू छातीला घातक आहेत. माळ्यावर उघड्या विजेच्या तारा ठेवू नयेत. खारी व उंदीर त्या कुरतडतात, आणि सुक्या सागवानाजवळ एक ठिणगी पुरते. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी होते. १९८४ सालच्या दंगलीत लागलेल्या आगीने त्याची केवढी हानी केली हे इंदूरकरांना सांगावयास नको. आगीचे कारण काहीही असो, लाकूड तिला अडवीत नाही.

७. वर्षाचे वेळापत्रक

अक्षय तृतीया झाली की काम काढावे आणि मृग लागण्यापूर्वी संपवावे. आधी वळचणी व पन्हळींतील पाने, शेवाळ, पक्ष्यांची घरटी साफ करावी, मग सरकलेली कौले जागी बसवावी. पहिल्या मोठ्या पावसात माळ्यावर एक फेरी मारावी. दिवाळीच्या साफसफाईत पावसाळ्यातील खुणांची यादी करावी आणि लाकडाचे मोठे काम हिवाळ्यात उरकावे. ही यादी एका वहीत लिहून ठेवावी. घर पुढच्या पिढीच्या हाती जाईल तेव्हा ती वहीही जाईल.

छपरावर कोणालाही एकट्याला चढवू नये. शिडी वर बांधून घ्यावी, पाय थेट कौलावर न देता फळी टाकून तिच्यावरून वावरावे, कमरेला दोर असावा, आणि पाऊस पडून गेल्यावर शेवाळलेल्या पाख्यावर तर पाऊलच ठेवू नये. दोन कौलांच्या बचतीसाठी माणसाचा जीव धोक्यात घालणे हे पाप आहे.

८. एक सूचना

कौले परतणारे कारागीर कमी होत चालले आहेत. वर्षातून दोन दिवसांचे काम देणाऱ्या गल्लीसाठी कोणी आपल्या मुलाला ही विद्या शिकवणार नाही. म्हणून आम्ही सभासदांपुढे दोन गोष्टी ठेवतो. पहिली ही की, जवळच्या दहा-बारा घरांनी मिळून दर वैशाखात एकाच कारागिराला सलग काम द्यावे, आणि त्याच्या हाताखाली एक शिकाऊ मुलगा ठेवून त्याची मजुरीही वाटून घ्यावी. दुसरी अशी की, वस्तीत एखादे जुने घर उतरले तर त्याची धड कौले, वासे व रिपा भंगारात जाऊ न देता न्यासाच्या आवारात रचून ठेवाव्या आणि ज्याला लागतील त्याला वाजवी देणगीवर द्याव्या. कौलांचा एकच नमुना शोधत गावभर हिंडण्याचा त्रास ज्यांनी सोसला आहे, त्यांना या साठ्याची किंमत सांगावी लागणार नाही.

प्रत्येक जुने छप्पर वाचेलच, असे आम्ही म्हणत नाही. ज्या घराचे आढेच मोडले आहे, भिंती सुटल्या आहेत, तेथे नवे बांधकाम हाच शहाणपणा. परंतु असा निर्णय माळ्यावर जाऊन, टोचणी लावून आणि कौल वाजवून पाहिल्यावर घ्यावा. येत्या अक्षय तृतीयेनंतर आपल्यापैकी दहा घरधन्यांनी जरी एवढे केले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.